फ्लॅट बघायला निघण्याआधी

रविवारी पुण्याच्या वाघोली-रावेतसारख्या उपनगरांतल्या साइट पालथ्या घालण्याआधी शनिवारी रात्री कागद-पेन घेऊन बसा, नवरा-बायको दोघंही. वर पॅकेज लिहू नका. पीएफ आणि टॅक्स कापून खात्यात जमा होतं ते लिहा. बोनस धरूच नका. त्याखाली चालू हप्ते मांडा. मुलांची फी आणि गावी पाठवायचे पैसे बँक विचारत नाही, तुम्ही मात्र धरा.

बँक पगाराच्या निम्म्यापर्यंतही हप्ता बसवून देईल. माझ्या मते ३५ टक्क्यांपुढे जाऊ नये. साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. हातात लाख येत असतील तर ३५ हजारांत ४० लाखांचं कर्ज बसतं.

खरी गोम पुढे आहे. एवढ्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटला १० लाख आपले. मुद्रांक शुल्क पुण्यात मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सूट, ५० हजार वाचतात. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, अडीच लाख; भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला तयार असल्याचा दाखला, मिळालेल्या घराला तो नाही. सूट न धरता बेरीज १६ लाख ३० हजार! सोसायटीचं डिपॉझिट, ग्रिल, किचन ट्रॉली अजून यायचीच आहे. एवढी रोकड नसेल तर पगार कितीही असो, बजेट खाली आणा. आणि ही रक्कम उभी करताना आजारपणासाठी ठेवलेली एफडी मोडायची नाही.

मेंटेनन्स प्रति चौरस फूट किती, हे सेल्समनला विचाराच. पण पाण्याचं वॉचमनला विचारा. एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर येतात ते त्याला पाठ असतं, आणि त्यांचं बिल शेवटी सभासदांच्याच डोक्यावर येतं. वाघोलीहून हिंजवडीला जायचं असेल तर पेट्रोलही लिहा.

चालू बांधकामात घर घेणार असाल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर ताब्याची तारीख बघा. तोवर भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही भरावं लागेल. तारखेपुढे आणखी सहा महिने धरूनच हिशोब करा. तेवढं झेपत नसेल तर तयार किंवा रीसेलचा फ्लॅट शोधा.