होल उलटा खेळून बघा

नाशकात रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणालात, तर तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सोडेल, आणि तिथे क्रिकेट चालू असेल. आमचा गोल्फ कोर्स शहराबाहेर, एका खाजगी क्लबाचा. तिथला एक पार ४, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल, माझा स्कोअर कायम खायचा: ३३० यार्ड, उजवीकडे वळणारा, ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, अलीकडे तळं.

बॅग वाहणारा कॅडी म्हणाला, “साहेब, आधी दुसरा फटका ठरवा.”

माझा सात नंबरचा आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब (काठी), भरवशाने १३० यार्ड जातो. म्हणजे टीवरून, पहिल्या फटक्याच्या जागेवरून, २०० पुरे! सगळ्यात लांब मारणारा ड्रायव्हर बॅगेतच ठेवला आणि त्याहून जरा कमी जाणारं तीन नंबरचं वूड फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डाव्या अंगाला मारलं. तिथून अख्खं ग्रीन समोर दिसतं. उजवा कोपरा कापायचा मोह सोडणं, हेच काय ते अवघड. बॉल तळ्यात गेलाच, तर एका फटक्याची पेनल्टी घ्यायची नि पुढे व्हायचं.

मग बाकीचे होलही असेच शेवटाकडून बघायला लागलो. पार ३ वर झेंडा विसरायचा, ग्रीनचा मध्य धरायचा. पार ५ ला दोन फटक्यांत ग्रीनवर पोचण्याचा हट्ट नाही.

ऋतूचा हिशेब मात्र वेगळा. एप्रिलात जमीन टणक, बॉल पडल्यावर बराच घरंगळतो, म्हणून अलीकडे टाकायचा. पावसाळ्यात पडला तिथेच रुततो. तेव्हा नेहमीपेक्षा एक नंबर लांब जाणारा क्लब घ्या.