आलेख सरकवताना कंसाच्या आत काय घडतं?

य = क्ष² चा आलेख काढता येत असेल, तर य = २(क्ष − ३)² − ५ साठी पुन्हा किमतींचा तक्ता करत बसायची गरज नाही. जुनाच आलेख ताणायचा आणि सरकवायचा. तरीही विद्यार्थ्यांचे गुण इथे जातात, कारण नियम पाठ असतात, पण ते कोणत्या क्रमाने लावायचे हे पक्कं नसतं.

आधी एक भेद लक्षात घ्या. कंसाबाहेर जे असतं ते उभ्या दिशेने आणि दिसतं तसंच घडतं. मूळ फलाला, म्हणजे क्ष वरून य काढायच्या सूत्राला, फ(क्ष) म्हणू. फ(क्ष) + ४ म्हणजे आलेख चार एकक वर. ३फ(क्ष) म्हणजे प्रत्येक बिंदूचं क्ष-अक्षापासूनचं अंतर तिप्पट. −फ(क्ष) म्हणजे क्ष-अक्षात परावर्तन. कंसाच्या आत जे असतं ते आडव्या दिशेने घडतं, आणि बेरीज-गुणाकाराचा परिणाम दिसतो त्याच्या उलट होतो. फ(क्ष − ३) उजवीकडे जातो, फ(२क्ष) निम्म्या रुंदीचा होतो. फ(−क्ष) चं परावर्तन य-अक्षात होतं.

उलट का, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूळ आलेखात फ(०) ही किंमत क्ष = ० वर मिळते. फ(क्ष − ३) मध्ये तीच किंमत हवी तर कंस शून्य व्हायला हवा, म्हणजे क्ष = ३. प्रत्येक किमतीसाठी आता तीनने मोठा क्ष लागतो, म्हणून अख्खा आलेख उजवीकडे सरकतो. हेच तत्त्व सगळीकडे वापरता येतं: कंसातली राशी जुन्या क्ष एवढी ठेवा आणि नवा क्ष सोडवून काढा.

एक अवघड उदाहरण घेऊ: य = −२√(६ − २क्ष) + ४.

य = √क्ष वरचे सोपे बिंदू निवडा: (०, ०), (१, १), (४, २), (९, ३). आता ६ − २क्ष ला क्रमाने ०, १, ४, ९ एवढं ठेवा. नवे क्ष येतात ३, २.५, १ आणि −१.५. जुन्या य-किमती ०, १, २, ३. त्यांना −२ ने गुणून ४ मिळवा: ४, २, ०, −२. म्हणजे बिंदू झाले (३, ४), (२.५, २), (१, ०), (−१.५, −२). वक्र (३, ४) पासून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो. प्रांत (क्ष च्या चालणाऱ्या किमती) क्ष ≤ ३, विस्तार (य च्या मिळणाऱ्या किमती) य ≤ ४. वर्गमूळाच्या आलेखाला टोक असतं. तिथे ठळक बिंदू द्या, रेघ त्यापलीकडे ओढू नका.

याच गणितात दोन चुका सर्रास होतात. पहिली आडव्या दिशेची: आधी निम्मं करून उलटवायचं आणि मग ६ दिसले म्हणून सहाने डावीकडे सरकवायचं. तसं केलं तर √(−२क्ष) मध्ये क्ष च्या जागी क्ष + ६ येतो, म्हणजे √(−२क्ष − १२), आणि टोक −६ वर जातं. ताणणं-उलटवणं आधी करायचं असेल तर सामाईक अवयव बाहेर काढा: ६ − २क्ष = −२(क्ष − ३). सरकायचं तीनने, उजवीकडे. दुसरी चूक उभ्या दिशेची: ४ आधी मिळवून मग −२ ने गुणणं. टोकाची उंची ४ ऐवजी −८ येते. बाहेर नेहमीच्या पदावलीचाच क्रम, गुणाकार आधी.

त्रिकोणमितीतही तोच सापळा आहे. साइन(२क्ष − ६०°) चा आलेख ६०° नव्हे, ३०° उजवीकडे सरकतो, कारण कंस २(क्ष − ३०°) आहे. आवर्तन १८०° चं. एका आवर्तनाचे पाच बिंदू ३०°, ७५°, १२०°, १६५°, २१०° वर. तिथे किमती ०, १, ०, −१, ०.

वर्गफल (ज्यात क्ष चा सर्वांत मोठा घात २ असतो) विस्तारलेल्या रूपात दिलं असेल तर आधी पूर्ण वर्ग करा. २क्ष² − १२क्ष + १३ = २(क्ष − ३)² − ५. शिरोबिंदू (३, −५). तिथून एक घर बाजूला गेलात की दोन घरं वर, दोन घरं बाजूला की आठ वर.

१/क्ष सारख्या फलात आधी अनंतस्पर्शी रेषा (ज्यांच्या जवळ जवळ वक्र जातो, पण ज्यांना टेकत नाही) सरकवा आणि तुटक रेघेने काढा. य = १/(क्ष + २) − १ साठी त्या क्ष = −२ आणि य = −१. नंतर अक्षांना छेदणारे बिंदू (−१, ०) आणि (०, −½) मांडले की वक्र बसतो.

केवल मूल्याची चिन्हं कुठे आहेत ते नीट पाहा. फ(क्ष) = क्ष² − २क्ष − ३ घ्या. |फ(क्ष)| मध्ये क्ष-अक्षाखालचा भाग वर उलटतो, त्यामुळे (१, −४) चा (१, ४) होतो. फ(|क्ष|) मध्ये य-अक्षाच्या डावीकडचा भाग पुसून टाका आणि उजव्या भागाचं प्रतिबिंब तिथे काढा. आता तळ (१, −४) आणि (−१, −४) असे दोन होतात, आणि (०, −३) वर टोकदार कोपरा येतो. तो कोपरा गोल करू नका.