पेटी कॅशमध्ये तूट आली तर आधी काय तपासायचं

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसात पेटीतले, म्हणजे किरकोळ खर्चासाठी ठेवलेल्या रोख रकमेतले, दोनशे-तीनशे कमी भरले, की पहिली नजर झाडू-पोछा करणाऱ्या मावशींकडे नाहीतर ऑफिसबॉयकडे वळते. पगार सगळ्यात कमी, त्यात कंत्राटावर. हा अन्याय आहे, आणि तपास म्हणूनही चूक, कारण पेटीची चावी त्यांच्याकडे नसतेच. आधी हिशेब लावा, माणसाचं नाव नंतर.

पेटीत ठरलेली रक्कम ठेवा, समजा ५,००० रुपये. दिवसात केव्हाही मोजा, नोटा-चिल्लर अधिक व्हाउचर (खर्चाला दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या) मिळून ५,०००च भरले पाहिजेत. व्हाउचरवर छापील अनुक्रमांक हवा आणि सही पैसे हातात देण्याआधी. चावी एकाकडेच. तो रजेवर जाणार असेल तर दोघांनी मिळून मोजायचं, रजिस्टरात रक्कम लिहायची, दोघांनी सह्या करायच्या, मगच ताबा. आठवड्यातून एकदा मोजणी होऊ दे, पण वार ठरवू नका, आणि मोजणारा माणूस पेटी सांभाळणारा नको. दर शुक्रवारी मोजलं तर घेतलेले पैसे गुरुवारी गुपचूप परत येतात.

बरीचशी तूट चोरीची नसते, ‘उद्या देतो’ची असते. म्हणून उसने द्यायचेच नाहीत, साहेबांनाही नाहीत. मालकच व्हाउचरशिवाय पाचशे काढत असेल तर खालच्यांनी नियम का पाळावा?

रिक्षाच्या व्हाउचरकडे नीट बघा. १ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४, म्हणजे सहा किलोमीटरचे साधारण १०३. व्हाउचरवर कुठून कुठे आणि किती अंतर ते लिहून घ्या. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मीटर वाढतो हे खरं, पण याच अंतराला रोज १८० लागत असतील तर विचारायला हवं. शेअर रिक्षाने जायचं आणि मीटरचे पैसे लावायचे, ही खोड पटकन पकडता येते.

कोणाच्या ड्रॉवरमधून पाकीट गेलं तर त्याच दिवशी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढा. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं पुसून त्यावर नवं चढवतो. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक लिहून ठेवा, नाहीतर भलताच माणूस अडकतो. सगळ्यांच्या बॅगा उघडायला लावू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव तर अजिबात टाकू नका. पुरावा नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार तुमच्यावरच होऊ शकते. ज्याला विचारायचं त्याला बंद खोलीत, एका साक्षीदारासमोर विचारा, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून सही घ्या.

पोलिसांत जाण्याआधी कायद्यातला फरक माहीत हवा. ५,०००च्या आतल्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा किंमत परत केली, तर कलम ३०३(२) प्रमाणे समाजसेवेची शिक्षा होते. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर मात्र कलम ३०६, सात वर्षांपर्यंत कैद.

चौकशीत मावशींचा संबंध नव्हता असं निघालं, तर ज्यांच्यासमोर संशय घेतला त्या सगळ्यांसमोर तसं सांगा. कंत्राटदारालाही त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तो त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवून मोकळा होतो.