टेस्ट ड्रायव्हरची कारकीर्द कशी वाचावी: अल्फा रोमिओचा कोन्साल्वो सानेसी

जुने निकाल चाळताना बहुतेक जण ‘विजय’ हा रकाना बघतात आणि पुढे जातात. कारखान्याच्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या माणसाची कारकीर्द अशी वाचली, तर हाती काहीच लागत नाही. कोन्साल्वो सानेसीच्या नावावर फॉर्म्युला वनच्या ५ शर्यती आणि ३ गुण आहेत, बस. इटालियन रेसिंगमधल्या माझ्या सर्वांत आवडत्या माणसांपैकी तो एक, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊन माझी पद्धत सांगतो.

वहीचं पान शर्यतींनुसार आखू नका, गाड्यांनुसार आखा. सानेसी १९११चा, तोस्कानातला, पण त्याचं सगळं काम मिलानच्या अल्फा रोमिओत झालं. त्याच्या पानावर मी डाव्या बाजूला एकाखाली एक लिहितो: १५८, १५९, ६सी ३००० सीएम, १९००, जूलिया टीझेड. मग प्रत्येकीपुढे तिची हकिगत. १५८ ही जोआकिनो कोलंबोने आखलेली गाडी: दीड लिटरचं इंजिन, एका ओळीत ८ सिलिंडर, सुपरचार्जर. १९३८मध्ये ती शर्यतीत उतरली. १९५०मध्ये तिची ताकद ३५० अश्वशक्तीच्या आसपास होती, पुढच्या वर्षी १५९च्या रूपात ४००च्या वर गेली. तेच दीड लिटर, आणि एवढी वाढ! ही वाढ कागदावर होत नाही. कुणीतरी ती गाडी मिलानजवळच्या मोंझाच्या ट्रॅकवर पुन्हा पुन्हा पळवावी लागते, परत येऊन मेकॅनिकला नेमकं काय बिघडतंय ते सांगावं लागतं. सानेसीची खरी कारकीर्द तिथे आहे.

त्याच्या आधी हे काम कोण करत होतं, तेही त्याच पानावर टिपा. जुझेप्पे कांपारी अल्फाच्या चाचणी विभागातूनच वर आला आणि १९२८ व १९२९ अशी सलग दोन वर्षं मिले मिलिया, म्हणजे इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरची हजार मैलांची शर्यत, जिंकला. अत्तिलिओ मारिनोनीने १९२८ ते १९३० स्पाची २४ तासांची शर्यत सलग तीनदा जिंकली. १९४०मध्ये अल्फाची चाचणी घेतानाच तो गेला. सानेसी कुठल्या परंपरेत उभा आहे, हे त्यावरून कळतं, आणि त्या कामात जिवाला किती धोका होता हेही.

आता निकाल घ्या, पण एकटा त्याचा नाही. तीच गाडी चालवणारे बाकीचे कुठे आले ते शेजारी मांडा. १९४७च्या इटालियन ग्राँ प्रीत त्रोस्सी पहिला, वार्झी दुसरा, सानेसी तिसरा; तिघेही १५८मध्ये. १९४८च्या फ्रेंच ग्राँ प्रीत, रँसला, विमिल पहिला आणि सानेसी दुसरा. म्हणजे चाचणीवाला त्या काळच्या दादा मंडळींच्या अगदी मागोमाग येत होता.

मग मोकळ्या जागा बघा. वार्झी १९४८मध्ये गेला, विमिल आणि त्रोस्सी १९४९मध्ये. त्या वर्षी अल्फा ग्राँ प्रीत उतरलीच नाही. १९५०मध्ये परतली तेव्हा संघात फारिना, फांजिओ आणि फाजोली होते. सानेसीला थेट मोंझाला, वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत गाडी मिळाली. ज्याच्या हाताखालून त्या गाड्या गेल्या, त्याला इतकी वाट बघावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि इथेच सरावाचा तक्ता उघडा, म्हणजे शर्यतीआधीच्या ज्या वेळांवरून ग्रिडवरच्या सुरुवातीच्या जागा ठरतात त्यांचा. हा भाग अजिबात टाळू नका. मोंझाला पहिला फांजिओ, दुसरा फेरारीवाला आस्कारी, तिसरा फारिना, चौथा सानेसी. अल्फाचेच फाजोली आणि तारुफी त्याच्या मागे. शर्यतीत इंजिन गेलं म्हणून अंतिम निकालात त्याच्यापुढे ‘निवृत्त’, म्हणजे शर्यत अर्धवट सोडली, एवढंच दिसतं. ग्रिडवरची ती चौथी जागा मात्र सांगते की तो गाडी नुसती जपून चालवणारा नव्हता. ३ गुण आले ते १९५१ला स्वित्झर्लंडमध्ये, चौथ्या क्रमांकावरून.

निवृत्तीचं कारण नेहमी लिहा. १९५१च्या बेल्जियममध्ये रेडिएटर, आदल्या वर्षी मोंझाला इंजिन. संघासाठी ही माहितीच होती.

स्पोर्ट्स कार आणि टुरिंगच्या शर्यती वेगळ्या पानावर ढकलू नका. सानेसीच्या बाबतीत त्या कारखान्याच्या कामाचाच भाग होत्या. १९५३च्या मिले मिलियात ६सी ३००० सीएम घेऊन तो सुरुवातीच्या टप्प्यात आघाडीवर होता, पुढे गाडीने साथ सोडली. दुसऱ्या अल्फात फांजिओ दुसरा आला. १९५४मध्ये मेक्सिकोच्या कारेरा पानामेरिकाना या रस्त्यावरच्या शर्यतीत सानेसी अल्फा १९०० घेऊन उतरला. ही लोकांना विकली जाणारी चार दारांची गाडी, आणि तिने आपला वर्ग जिंकला.

शेवटची नोंद १९६४ची, सेब्रिंगची १२ तासांची शर्यत. पन्नाशी उलटलेला सानेसी टीझेडमध्ये होता. मागून एक कोब्रा गाडी येऊन आदळली, टीझेड पेटली आणि जॉको मॅजिआकोमो या दुसऱ्या चालकाने त्याला आगीतून ओढून काढलं. सानेसी वाचला, १९९८पर्यंत जगला. या नोंदीपुढे गाडीचं नाव ठळक लिहा: टीझेड तेव्हा नवीकोरी होती, आणि ती चालवायला अल्फाने अजूनही त्यालाच पाठवलं होतं.