दुकानातल्या स्टाफची काळजी कशी घ्यायची? सुरुवात स्टूलपासून करा

ज्यांचं साड्यांचं, रेडिमेडचं, चपलांचं नाहीतर भांड्यांचं दुकान आहे आणि हाताखाली दहा-पंधरा माणसं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मॅनेजर आहे, म्हणजे शेठचं पण ऐकतो आणि स्टाफचं पण. आयटी कंपन्यांसारखं योगा सेशन, गिफ्ट हॅम्पर वगैरे काही करायची गरज नाहीये. माणूस रोज ज्या गोष्टींनी पिचतो त्या आधी काढायच्या, बाकी सगळं नंतर. पगार उशिरा देऊन वाढदिवसाला केक कापला तर स्टाफ केक खातो, टाळ्या वाजवतो आणि मागे काय बोलतो ते तुमच्यापर्यंत येत नाही एवढंच.

1. आधी एक दिवस नुसतं बघा

लग्नसराईतला नाहीतर दिवाळीआधीचा गर्दीचा शनिवार निवडा. गल्ल्यावर बसू नका, एका कोपऱ्यात थांबा आणि बघा की काउंटरवरची मुलगी सकाळी शटर उघडल्यापासून पहिल्यांदा कधी बसली, पाणी कधी प्यायली, डबा कुठे खाल्ला. बहुतेक ठिकाणी दिसेल ते असं: गिऱ्हाईक नसताना ती चप्पल काढून एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून रॅकला टेकून उभी असते आणि मॅनेजर चहाला गेला की मागे स्टॉकच्या खोक्यांवर पाच मिनिटं बसते, तेही एक डोळा दाराकडे ठेवून. हे दिसलं की काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

2. बसायची सोय करा, आणि बसू द्या

पूर्वी साडीच्या दुकानात पांढऱ्या गाद्या असायच्या, दाखवणारा पण बसलेला आणि गिऱ्हाईक पण. काउंटर आले, शोरूम झालं आणि स्टाफ उभा राहिला तो राहिलाच. दहा-अकरा तास उभं राहून टाचा धरतात, कंबर जाते, पायाच्या शिरा फुगतात, पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या दोऱ्या दिसायला लागतात. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये तिथे दुकानात बसण्याची सोय कायद्यानेच बंधनकारक झाली, तामिळनाडूनेही 2021 मध्ये तेच केलं. आपण कुणी कायदा दाखवायची वाट कशाला बघायची?

दर दोन माणसांमागे एक उंच स्टूल काउंटरच्या आत ठेवा, टेकायला पाठ असेल तर उत्तम. पण नुसतं स्टूल आणून भागत नाही, हा खरा मुद्दा आहे. मी अशी दुकानं पाहिलीयत जिथे स्टूल आहे पण त्यावर शो-पीस ठेवलाय कारण बसलं की शेठ कपाळाला आठ्या घालतात. म्हणून सगळ्यांसमोर तोंडाने सांगा की गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायचं, आणि मग घरून सीसीटीव्हीत बघून 'ती बसलीय का गं?' असा फोन करू नका. एक फोन गेला की स्टूलवर परत शो-पीस येतो. अगदी सिनियर असलेल्या ताईंना पहिले बसायला सांगा, त्या बसल्या की नवीन पोरी आपोआप बसतात.

3. बाथरूम आणि पाणी

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा लांबण लावतो. जुन्या बाजारपेठेतल्या बऱ्याच दुकानांना स्वतःचं टॉयलेट नसतं, कॉम्प्लेक्सचं कॉमन असतं, त्याची चावी गल्ल्यावर असते आणि मुलीला ती शेठसमोर हात पुढे करून मागावी लागते. मग काय होतं, मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. युरीन इन्फेक्शन होतं, सुट्ट्या पडतात, आणि आपण म्हणतो आजकालच्या पोरी नाजूक. चावी भिंतीवर हुकला लावा, कुणाला विचारावं लागू नये. आतली कडी नीट लागते का ते स्वतः जाऊन बघा. झाकणाचा डस्टबिन, साबण, आणि एका ड्रॉवरमध्ये सॅनिटरी पॅड ठेवा, ते भरायची जबाबदारी एखाद्या ताईंकडे द्या म्हणजे कुणाला तुमच्याकडे यावं लागणार नाही. महिन्याचा खर्च तुमच्या गिऱ्हाइकांच्या चहा-सरबतापेक्षा कमी येईल.

डबा खायला अर्धा तास पाळीपाळीने द्या. ट्रायल रूममध्ये बसून जेवायला लावू नका, प्लीज.

4. पगार, उचल आणि ईएसआय

पगार 7 तारखेच्या आत झाला पाहिजे, हे कायद्यातच आहे. पण मी म्हणतो एक तारीख ठरवा आणि ती मोडूच नका, कारण काउंटरवरच्या माणसाचा घरभाड्याचा, बचत गटाचा, गाडीच्या हप्त्याचा सगळा हिशोब त्या तारखेवर असतो, तुम्ही पाच दिवस पुढे ढकललं की तो पाच जणांकडे तोंड लपवतो. उचल द्यायची तर वहीत लिहा, दरमहा किती कापायची ते दोघांनी मिळून ठरवा आणि सही घ्या. स्टॉकमध्ये घट आली की सगळ्यांच्या पगारातून सरसकट कापायची पद्धत बंद करा, त्याने चोर सापडत नाही, प्रामाणिक माणूस मात्र जातो.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो, महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असलेल्यांना. मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. म्हणजे 15,000 पगारावर तुमचे 487 रुपये 50 पैसे आणि त्याचे 112 रुपये 50 पैसे. त्यात घरच्यांसकट उपचार मिळतात आणि अटी बसत असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. बरेच शेठ हे टाळतात आणि मग कुणाचं ऑपरेशन निघालं की स्टाफमध्ये वर्गणी काढतात.

5. सुट्टी मागायला घाबरायला लागू नये

आठवड्याची सुट्टी द्यायचीच. शिवाय आपल्या महाराष्ट्रातल्या दुकानांच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा आहेत. 2025 च्या दुरुस्तीपासून तो कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना लागू आहे, पण तुमच्याकडे माणसं कमी असली तरी तेवढ्या रजा द्या आणि स्टाफला तसं सांगा. भिंतीवर साधं कालनिर्णय लावा आणि ज्याला सुट्टी हवी त्याने स्वतः तारखेवर नाव लिहायचं, एका दिवशी दोनपेक्षा जास्त नावं नकोत, बास. कारण विचारायची सवय सोडा. दिवाळीत कुणालाच सुट्टी देता येत नाही हे मान्य, पण भाऊबीज झाल्यावर पाळीपाळीने दोन-दोन दिवस द्या आणि ते आधीच लिहून लावा. रात्री अकराला व्हॉट्सॅप ग्रुपवर 'उद्या सगळ्यांनी 9 ला या' टाकणं पण थांबवा.

6. गिऱ्हाइकासमोर झापू नका

चूक झाली तर मागे बोलवा, बोला, विषय संपवा. आणि गिऱ्हाईक अंगावर आलं, अरे-तुरे करायला लागलं तर तुम्ही मध्ये पडा. पन्नास साड्या उलगडून एकही न घेणारं गिऱ्हाईक उद्या येईल न येईल, घड्या घालणारी मुलगी उद्या येणारच आहे.

छेडछाडीचा विषय निघाला तर 'आपसात मिटवा' म्हणू नका. दहा किंवा जास्त माणसं असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कुणी गप्प-गप्प असेल, हिशोबात चुकत असेल, सारखं डोळ्यात पाणी येत असेल तर बाजूला घेऊन एवढंच विचारा, 'काही त्रास आहे का, घरी लवकर जायचंय का?' सल्ले देत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर डब्याच्या जागेपाशी चिकटवून ठेवा, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

7. कुणी सोडून चाललं तर

निरोपाच्या दिवशी कुणी खरं बोलत नाही, सगळे म्हणतात 'घरची अडचण आहे'. त्यापेक्षा हिशोब पूर्ण करून पैसे हातात दिले की आठवड्याभराने फोन करा, तेव्हा मन मोकळं करतात. हिशोब अडकवून मात्र ठेवू नका, नव्या वेतन संहितेप्रमाणे सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत तो द्यायचा असतो. आणि त्या फोनवर जे ऐकाल ते 'तिचं काय ऐकायचं' म्हणून सोडून न देता लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात तीच तक्रार दुसऱ्याकडून येते का ते बघा.