चर्चची हजेरी विचारायची कशी

"तुम्ही दर रविवारी चर्चला जाता का?" असं मी सर्वेक्षणात कधीच विचारत नाही. त्यातून माणूस स्वतःला कसा समजतो एवढंच कळतं. त्याऐवजी गेल्या रविवारी उठल्यापासून काय काय केलं, ते क्रमाने सांगायला लावा. उपासनेला गेले असतील तर ते ओघात येतंच. अमेरिकेत हॅडवे, मार्लर आणि चेव्हज या संशोधकांनी १९९३ च्या अभ्यासात लोकांनी सांगितलेली हजेरी प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिली, तर खरी हजेरी जेमतेम निम्मी निघाली. म्हणून लोकांना खोटारडे समजू नका, उलटतपासणी तर नकोच. देवावरचा विश्वास, चर्चचं सभासदत्व आणि हजेरी यांचे प्रश्न वेगवेगळे ठेवा. नाताळ-ईस्टरचे आठवडे टाळा. आणि उत्तरं घेताना शेजारी घरचं कुणी बसलेलं नसावं.