एमएक्स-५ चे पुढचे कॅलिपर बदलण्याआधी

पहिलं काम पाना उचलण्याचं नाही. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड पिस्टनने डिस्कवर दाबणारा भाग, नक्की कशासाठी बदलायचाय हे आधी स्वतःशी नीट ठरवा. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ साली आलेली, पुढच्या दिव्यांचे डोळे उघडमीट करणारी, आता तिशी ओलांडून गेली आहे. आम्ही राहतो त्या इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात, पिस्टनवर गंज चढतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. दुखणं एवढंच असेल तर मूळ जातीचीच दुरुस्त केलेली जोडी आणा, पैसे वाचवा आणि पुढचं वाचू नका. चार पिस्टनचा चकचकीत कॅलिपर लावला की गाडी कमी अंतरात थांबते, हा समज मोठा आहे आणि खोटा आहे. मूळ ब्रेकसुद्धा चाक जाम करू शकतात. गाडी किती अंतरात थांबणार ते शेवटी टायर ठरवतात. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग ब्रेक मारूनही पाय खाली जात नाही आणि पायाला नेमका अंदाज येतो, हा नव्या कॅलिपरचा फायदा. तो हवा असेल तर पुढे या.

मग व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी पट्टी, काढा. माझ्या १.६ लिटर इंजिनवाल्या गाडीच्या पुढच्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन, ५१ मिलीमीटरचा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस मिलीमीटर. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एका पॅडला ढकलतो आणि कॅलिपरचं अंगच उलट सरकून दुसरा पॅड ओढून आणतं. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरशी तुलना करायची तर त्याच्या एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे, चारही नाहीत. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. ३५ मिलीमीटरचे चार पिस्टन असतील तर एका बाजूला दोन, म्हणजे सुमारे १,९२५. मूळच्या जवळपास. पण कुणी स्वस्तात ४४.५ मिलीमीटरच्या पिस्टनची जोडी देऊ केली तर ती ३,१०० च्या वर जाते, म्हणजे दीडपट. पायडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच राहणार, तेव्हा तेवढं जास्त ऑइल ढकलायला पायडल खोल जाणार. वर पुढची चाकं लवकर जाम होणार आणि मागचे ब्रेक नुसते शोभेचे उरणार. ‘मोठा म्हणजे चांगला’ हा हिशोब ब्रेकला लागू नाही.

डिस्कचा व्यासही लिहून ठेवा. १.६ ला पुढे २३५ मिलीमीटरची डिस्क येते, नंतरच्या १.८ ला २५५ ची. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट कुठल्या डिस्कसाठी कापलाय हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आता पुठ्ठा. कॅलिपर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्याचा बाह्याकार खऱ्या मापात छापलेला कागद देतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चाक काढून आतून लावून बघा. मूळ चाकं १४ इंची, आणि त्यांच्या आरीच्या मागे जागा किती कमी असते ते पुठ्ठा अडकल्यावरच कळतं. रिमच्या आतल्या कडेपासून तीन-चार मिलीमीटर तरी मोकळी हवीत. एक गोष्ट सगळे विसरतात: बॅलन्सिंगसाठी चिकटवलेली वजनाची पट्टी. माझ्या एका चाकाला ती बरोबर कॅलिपर येणार होता तिथेच होती. पुठ्ठा छान बसला, पण खऱ्या कॅलिपरने पहिल्याच फेरीत ती खरवडून काढली असती.

आट्यांकडे जरा जास्त वेळ द्या. गाडीचे ब्रेक पाइप जपानी, म्हणजे मेट्रिक: आट्यांची १० मिलीमीटर जाडी, १ मिलीमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. विलवुडसारख्या अमेरिकी कंपन्यांच्या कित्येक कॅलिपरना मात्र १/८ इंची, निमुळते आटे असतात. गंमत अशी, की मेट्रिक बोल्ट त्या भोकात हाताने दोन-तीन आटे सरळ जातो. मन म्हणतं, बसतोय की! मग तो घट्ट होतो, आपण पान्याने जोर लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. कॅलिपर भंगारात. म्हणून किटमधली जोडणी कॅलिपरशी आणि होजशी, म्हणजे ब्रेकच्या लवचिक नळीशी, दोन्हीकडे, घरात टेबलावरच बसवून बघा. बँजो बोल्ट, म्हणजे आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट, असेल तर दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर लागतात, जुने परत वापरायचे नाहीत. निमुळत्या आट्यांना वॉशर नसतो, आणि त्यावर नळाची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे ऑइलमध्ये फिरतात.

याच कॅलिपरांची आणखी एक खोड: रेसिंगसाठी बनवलेल्या बऱ्याच मॉडेलना पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं. उन्हाळ्यापुरती काढायची गाडी असेल तर चालेल. मिठाच्या रस्त्यावर रोज न्यायची असेल तर रबर असलेलंच मॉडेल शोधा.

मागचे कॅलिपर तसेच ठेवा. हँडब्रेक त्यांच्यातच आहे, आणि तो नीट चालला नाही तर इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. पुढच्या जोडीच्या दोन बाजूंमध्ये ३० टक्क्यांहून जास्त फरक पडला तरी नापास, त्यामुळे एकाच बाजूचा कॅलिपर बदलून दुसरा ‘पुढच्या महिन्यात’ हे चालत नाही. विमा कंपनीला फोन आधीच करा. बदल कळवला नाही तर दावा अडतो, आणि हे अपघातानंतर कळून उपयोग नाही.

आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी होज आणि लोखंडी पाइपच्या जोडावर गंज सोडवणारं तेल मारत राहा. दहाचा नट आहे, पण साधा फिक्स पाना लावू नका, त्याचे कोपरे गोल होतात. पाइपाला कवटाळणारा, एका बाजूने फट असलेला रिंग पाना घ्या. तरीही नट पाइपासकट फिरला तर पाइप पिळवटून तुटतो, म्हणून तांबे-निकेलचा तयार पाइप हाताशी असू द्या. रविवारी दुपारी दुकान बंद असतं आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे तिला उचलून धरणाऱ्या स्टँडवर.

बाकीचं सामान पटकन: जॅकशिवाय दोन मजबूत घोडे, चाकांखाली ठोकळे, ठरलेल्या जोरानेच कसणारा टॉर्क पाना, ब्रेक क्लीनर, हातमोजे, पारदर्शक नळी, जुनी बाटली आणि डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद लिटर. उघडून वर्षभर ठेवलेला डबा नको, ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळणारं ऑइल ओलं झालं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. ५.१ चालतं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. जुन्या पॅडची धूळ फुंकर मारून उडवू नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ ला आली, आणि तुमच्या गाडीत आधी कुणी काय घातलं होतं कोण सांगणार.

ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायच्या तयारीत दोन गोष्टी. एक, हवेचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, वरच्या टोकाला आलाय ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तरी बोल्ट मजेत बसतात, फक्त निपल खाली जातो आणि हवा वर अडकून राहते; मग दोन लिटर ऑइल ओता, पायडल स्पंजच. चार पिस्टनवाल्याला आत-बाहेर दोन निपल असतात, दोन्हींतून हवा काढायची. दुसरी, पायडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. तीस वर्षं मास्टर सिलिंडरचं रबर वरच्या अर्ध्यातच फिरलंय. खालचा भाग खडबडीत झालेला असतो, पाय तळाला लावला की रबर फाटतं. दाबायला माणूस हवा. आमच्याकडे हे काम बायकोचं, आणि आमची भाषा तीनच शब्दांची: दाब, धर, सोड. ‘धर’ असताना मी निपल कसून बंद करतो. ‘सोड’ मी म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, मग दारावर पार्सलवाला उभा का असेना.

चाकाचे नट ९० ते ११७ न्यूटन-मीटरमध्ये कसा. गाडी जागची हलवण्याआधी पायडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ते हमखास तळाला जातं. मग पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० मैलांवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, आणि नंतर ब्रेक न लावता गार होऊ द्या. घरी आल्यावर जोडांखाली पांढरा कागद अंथरून ठेवा, सकाळी डाग दिसतो का पाहा. शंभर मैलांनी नट पुन्हा तपासा. जुने कॅलिपर ऑइल पुसून, बोल्टांसकट डब्यात घालून माळ्यावर टाका.